अंदाजाची गोष्ट

मित्रहो, सरकत्या आकड्यांचं कोडं तुमच्यापैकी बहुतेकांनी कधी ना कधी हातात घेतलं असेल. तीन बाय तीनची चौकट, आठ ठोकळे, एक घर मोकळं. कृत्रिम बुद्धिमत्तेची ओळख करून द्यायला मला याहून चांगलं खेळणं सापडलेलं नाही.

या चौकटीत गाठता येण्याजोग्या मांडण्या १,८१,४४० आहेत. संगणक त्या सगळ्या सहज धुंडाळेल. पण चार बाय चारची चौकट घेतली, की हाच आकडा १० लाख कोटींच्या पुढे जातो. तिथे नुसता वेग पुरत नाही. कुठे शोधायचं, ते कळावं लागतं.

आता समोर ही मांडणी आहे असं धरा. पहिल्या ओळीत १, २, ३. दुसरीत आधी मोकळं घर, मग ४ आणि ६. तिसरीत ७, ५, ८. आकडे क्रमाने लावायचे आणि मोकळं घर शेवटी आणायचं. कोणता ठोकळा आपल्या जागेपासून किती घरं लांब आहे, ते मोजू. ४ एक घर, ५ एक घर, ८ एक घर, बाकीचे जागेवर. बेरीज ३. पहिल्या चालीला पर्याय तीनच: १ खाली आणा, ७ वर न्या किंवा ४ डावीकडे सरकवा. १ किंवा ७ हलवला तर बेरीज ४ होते. झालेली एक चाल मिळवून ५. ४ सरकवला तर उरतात २, चालीसह ३. म्हणून यंत्र ४ ला हात घालतं.

झालेला खर्च अधिक उरलेल्याचा अंदाज, एवढीच ही रीत. हार्ट, निल्सन आणि राफाएल यांनी ती १९६८ साली मांडली; ए-स्टार या नावाने ती ओळखली जाते. मला तिच्यातली हमी फार मोलाची वाटते. एका चालीत एकच ठोकळा एकच घर सरकतो, त्यामुळे आपली बेरीज खऱ्या चालींपेक्षा जास्त कधीच भरत नाही. अंदाज असा हात राखून बांधलेला असला, की सापडलेली वाट सर्वांत जवळचीच असते. हे सिद्ध करता येतं!

पण हा अंदाज आपण माणसांनी सुचवला. यंत्राला तो स्वतः शिकता येईल का? आर्थर सॅम्युएल यांनी चेकर्स खेळणाऱ्या प्रोग्रॅमवर हेच करून पाहिलं आणि १९५९ मध्ये त्याबद्दल लिहिलं. पटावरच्या स्थितीला प्रोग्रॅम आधी गुण द्यायचा, मग काही चाली पुढे पाहून पुन्हा गुण काढायचा. दोन्हींत तफावत आली, की कोणत्या गोष्टीला किती वजन द्यायचं ते थोडं बदलायचं. तो स्वतःच्याच दुसऱ्या प्रतीशी खेळून शिकला. २०१६ मध्ये गो हा पटावरचा खेळ खेळणाऱ्या अल्फागो या प्रोग्रॅमने त्या खेळातले दिग्गज ली सेडोल यांना ४-१ असं हरवलं, तेव्हाही चालींचा शोध होताच. फक्त पटाचा अंदाज न्यूरल नेटवर्क, म्हणजे उदाहरणांवरून स्वतःची वजनं बदलत शिकलेली गणिती जाळी, देत होती.

मात्र तो अंदाज लाखो वजनांतून येतो. ठोकळ्यांच्या बेरजेबद्दल आपण जे दोन वाक्यांत सिद्ध केलं, तसं त्याच्याबद्दल करता येत नाही. तो चांगला आहे हे खेळवूनच पाहावं लागतं.