दोन लाइनींचा संसार

आयोजकांनी मला विषय कळवला तो असा: ‘घरातली दोन इंटरनेट कनेक्शनं जोडून वेग दुप्पट कसा करावा’. विषयाला माझी हरकत नाही. फक्त त्यातला ‘दुप्पट’ हा शब्द मी जाताना सोबत घेऊन जाणार आहे, एवढं आधीच सांगून ठेवते. त्याच्या जागी दुसरं काहीतरी ठेवून जाईन, काळजी नको.

मीही याच शब्दाला भुलले होते. माझं घर टेलिफोन एक्स्चेंजपासून बरंच लांब, आणि इंटरनेट तांब्याच्या तारेवरून येणारं. तांब्याची खोड अशी की तार जितकी लांब तितका सिग्नल क्षीण, आणि त्यातही वरच्या फ्रिक्वेन्सी आधी मरतात. वेग नेमका त्या वरच्या फ्रिक्वेन्सींवर अवलंबून असतो. एडीएसएल टू प्लस या तंत्राचा कागदावरचा वेग २४ एमबीपीएस, म्हणजे सेकंदाला २४ मेगाबिट. तो एक्स्चेंजच्या शेजाऱ्याला मिळतो. चार-पाच किलोमीटरवर राहणाऱ्याच्या वाट्याला थोडकं उरतं. मला ६ मिळायचे, अपलोड जेमतेम १. कंपनीला फोन करून उपयोग नव्हता, तार काही कोणी आखडून देत नाही. मग मी दुसऱ्या कंपनीची लाइन घेतली, ती ८ ची. दोन्ही मोडेम एका दोन-वॅनच्या, म्हणजे बाहेरच्या दोन लाइनी घेणाऱ्या, राउटरला जोडले आणि स्पीड टेस्ट लावली. काटा १३ च्या पुढे गेला. मी घरातल्या सगळ्यांना बोलावून दाखवलं.

त्याच रात्री एक मोठी फाइल उतरवायला घेतली. सेकंदाला एक मेगाबाइटच्या आत. आठ बिटांचा एक बाइट, म्हणजे हिशेब ८ एमबीपीएसचा. ६ ची लाइन शेजारी दिवे लुकलुकवत रिकामी बसलेली. राउटर बिघडला असं वाटून मी तो तीनदा बंद-चालू केला. बिघडला नव्हता. जे करायला बनवलाय तेच तो चोख करत होता, मलाच त्याचं काम माहीत नव्हतं.

ते काम काय, हे जरा जवळून बघू. तुम्ही फाइलवर क्लिक करता तेव्हा तुमचा संगणक पलीकडच्या सर्व्हरशी एक जोडणी उघडतो. त्या सर्व्हरच्या वहीत या जोडणीची ओळख चार आकड्यांची असते: माझा पत्ता, माझा पोर्ट, तुझा पत्ता, तुझा पोर्ट (पोर्ट म्हणजे त्या पत्त्यावरच्या दाराचा नंबर). आता तुमच्या दोन लाइनी दोन कंपन्यांच्या, म्हणून बाहेरच्या जगाला दिसणारे तुमचे पत्तेही दोन. जोडणी पहिल्या लाइनीवरून सुरू झाली आणि मधलंच एखादं पॅकेट, म्हणजे माहितीचा छोटा तुकडा, राउटरने दुसरीवरून धाडलं, तर ते अनोळखी पत्त्यावरून आलेलं पॅकेट. सर्व्हर ते टाकून देतो. म्हणून राउटर निर्णय एकदाच घेतो, जोडणी सुरू होताना: ही जोडणी या लाइनीवर, ती त्या लाइनीवर. एकदा गाडी रुळावर चढली की मध्ये रूळ बदलत नाही. याला लोड बॅलन्सिंग म्हणतात. यात भार वाटला जातो, वेग जोडला जात नाही. आणि स्पीड टेस्ट? ती एकाच वेळी अनेक जोडण्या उघडते, त्या दोन्ही लाइनींवर पसरतात, म्हणून तिथे बेरीज दिसते. तिने खोटं काही सांगितलं नाही, प्रश्नच वेगळा विचारला.

म्हणजे लोड बॅलन्सिंग फुकट गेलं का? नाही. घरात चार माणसं असतील आणि प्रत्येकाचं काही ना काही चालू असेल, तर त्याचा फरक पहिल्या दिवशी जाणवतो. एकटा माणूस एकच मोठी फाइल ओढत बसला असेल तर त्याला काही मिळत नाही. यात एक गंमत आहे. पूर्वी ब्राउझर एका साइटशी साधारण सहा जोडण्या उघडायचे, त्यामुळे एक वेबपानसुद्धा दोन लाइनींवर वाटलं जायचं. २०१५ मध्ये एचटीटीपी टू, म्हणजे ब्राउझर आणि साइटच्या बोलण्याची नवी पद्धत आली, ती सगळं काम एकाच जोडणीवर करतं. वेब शहाणं झालं आणि आमच्या दोन लाइनींचा थोडा फायदा घेऊन गेलं.

लोड बॅलन्सिंग लावलं की पहिली तक्रार बँकेच्या साइटची येते. लॉगिन एका पत्त्यावरून, पुढचं क्लिक दुसऱ्या पत्त्यावरून; बँकेला वाटतं कोणीतरी सत्र चोरलं, आणि ती तुम्हाला बाहेर काढते. बँकेचं चुकत नाही. राउटरमध्ये ‘स्टिकी’ नावाची सोय असते, ती चालू करा: एका यंत्राचं एका साइटशी चाललेलं काम ठरावीक वेळ एकाच लाइनीला चिकटून राहतं.

आता तुमच्यातले काही म्हणतील, खरी बेरीज करताच येत नाही का? येते. तिला बाँडिंग म्हणतात, आणि ती जुनी आहे. आयएसडीएनच्या, म्हणजे डिजिटल टेलिफोन लाइनीच्या, काळात ६४ केबीपीएसच्या (सेकंदाला किलोबिट) दोन वाहिन्या जोडून १२८ करत असत. अशी जोडणी कशी करायची ते ठरवणारा मल्टिलिंक पीपीपीचा नियम १९९४ मध्ये लिहिला गेला, १९९६ मध्ये सुधारला. पण तिथे दोन्ही वाहिन्यांची पलीकडची टोकं एकाच कंपनीच्या हातात असायची. एका टोकाला पॅकेटं वाटणारा, दुसऱ्या टोकाला ती पुन्हा क्रमाने लावणारा. घरातल्या दोन लाइनी दोन कंपन्यांच्या असतात, तर पलीकडे क्रम कोण लावणार? म्हणून कुठेतरी एक सर्व्हर भाड्याने घ्यायचा, घरापासून त्याच्यापर्यंत दोन्ही लाइनींवरून बोगदे काढायचे, आणि बाहेरच्या जगाशी त्या सर्व्हरच्या पत्त्याने बोलायचं.

इथे बैलजोडीचा प्रश्न येतो. एक बैल तरणा आणि एक लंगडा असला की गाडी लंगड्याच्या चालीने जाते. समजा ४ नंबरचं पॅकेट संथ लाइनीवर आहे आणि ५, ६, ७ वेगवान लाइनीवरून आधी पोचले. घेणारा प्रत्येक वेळी म्हणतो, ‘मला ४ हवाय’. टीसीपी, म्हणजे पॅकेटं न हरवता क्रमाने पोचवायची पद्धत, तिचा पारंपरिक नियम असा, की एकच मागणी तीनदा पुन्हा आली की पाठवणारा समजतो ४ हरवला. तो ४ पुन्हा पाठवतो आणि वर आपला वेगही अर्ध्यावर आणतो. हरवलं काहीच नव्हतं, फक्त उशीर झाला होता. अशी भोळसट बाँडिंग केली तर दोन लाइनींचा मिळून वेग एकट्या चांगल्या लाइनीपेक्षाही कमी भरू शकतो. एक ना धड, भाराभर चिंध्या.

यावर नीट विचार करून केलेला उपाय म्हणजे मल्टिपाथ टीसीपी. त्यात प्रत्येक वाटेचा वेग वेगळा सांभाळला जातो आणि क्रम वरच्या पातळीवर लावला जातो. २०१३ मध्ये त्याचा पहिला नियम प्रयोग म्हणून प्रसिद्ध झाला, आणि त्याच वर्षी ॲपलने आयओएस ७ मध्ये सिरीसाठी तो वापरला, वायफाय आणि मोबाईल डेटा दोन्हींवरून. २०२० मध्ये सुधारित नियम आला आणि लिनक्सच्या मूळ कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात, त्याची सुरुवात झाली. पण तुम्ही ज्या साइटशी बोलता तिलाही ही भाषा यायला हवी, आणि बहुतेकींना ती येत नाही. म्हणून पुन्हा मधला सर्व्हर आलाच. ओपनएमपीटीसीपीराउटर नावाचं मोफत सॉफ्टवेअर हेच करतं: अर्धा भाग घरातल्या राउटरवर, अर्धा भाड्याच्या सर्व्हरवर.

मी ते काही महिने चालवलं. चालतं, खोटं बोलणार नाही. एकाच फाइलला दोन्ही लाइनी लागलेल्या पहिल्यांदा पाहिल्या तेव्हा फार बरं वाटलं. पण घरातलं प्रत्येक पॅकेट आता आधी त्या सर्व्हरकडे वळसा घालून जातं. काही साइटना डेटा सेंटरचा पत्ता दिसला की त्या ‘तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करा’ म्हणून चित्रं ओळखायला लावतात, काही सरळ दार लावून घेतात. सर्व्हर बंद पडला तर दोन्ही लाइनी धडधाकट असून घर अंधारात. आणि हे सगळं दुरुस्त करणारी घरात मी एकटी. मी प्रवासात असताना फोनवरून ‘आता कोणता दिवा लाल आहे?’ असं विचारत बसायची वेळ दोनदा आली. नाकापेक्षा मोती जड. तिसऱ्यांदा ती वेळ येण्याआधी मी ते काढून टाकलं. रोज मोठमोठे व्हिडिओ अपलोड करणं हेच ज्याचं काम आहे त्याने हा खटाटोप जरूर करावा. बाकीच्यांना मी सुचवणार नाही.

खरं म्हणजे दुसरी लाइन घेण्याआधी करायची दोन कामं मी नंतर केली. पहिलं सोपं आहे: लॅपटॉप केबलने थेट मोडेमला लावून वेग मोजा. तिथे पुरा वेग मिळत असेल तर दोष वायफायचा, दुसरी लाइन घेऊन तो जाणार नाही.

दुसरं काम जास्त महत्त्वाचं, म्हणून त्यावर थोडं रेंगाळते. संगणकाच्या एका खिडकीत पिंग चालू ठेवा; ते एक छोटं पॅकेट पाठवून उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजतं. माझ्याकडे रिकाम्या लाइनीवर ३० मिलिसेकंद यायचे. मग एखादा मोठा अपलोड सुरू करा, मोबाईलमधले फोटो क्लाउडवर चढवा, आणि पिंगकडे बघत राहा. माझे ३० चे ९०० झाले. याचं कारण मोडेमच्या पोटातली रांग. पॅकेट टाकून द्यावं लागू नये म्हणून बनवणाऱ्यांनी आत भलीमोठी साठवण ठेवलेली असते. अपलोड ती भरून टाकतो आणि तुमचं छोटंसं क्लिक त्या रांगेच्या शेपटाला उभं राहतं. वेग तोच असतो, वाट बघणं वाढतं, आणि आपण म्हणतो ‘नेट स्लो आहे’. याला बफरब्लोट म्हणतात. जिम गेटीस यांनी २०१० च्या सुमारास घरच्याच लाइनीवर त्याचा माग काढला आणि त्याला हे नाव दिलं. २०१२ मध्ये कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी कोडेल नावाची युक्ती मांडली, जी रांगेची लांबी न बघता पॅकेट रांगेत किती वेळ उभं आहे ते बघते. तिचीच पुढची आवृत्ती आज ओपनडब्ल्यूआरटीसारख्या राउटरच्या सॉफ्टवेअरमध्ये एसक्यूएम या नावाखाली मिळते. तिथे लाइनीच्या मोजलेल्या वेगापेक्षा थोडा कमी आकडा भरायचा, साधारण नव्वद टक्के. मग रांग मोडेममध्ये लागत नाही, राउटरमध्ये लागते, आणि राउटर ती शिस्तीत हलवतो. माझे ९०० चे ४५ झाले. दुसऱ्या लाइनीने दिलं नव्हतं ते एका आकड्याने दिलं.

तरी दुसरी लाइन मी सोडली नाही. आता माझ्याकडे कसं आहे ते सांगते. बेरीज सोडून दिली, कामाची वाटणी केली. माझा कामाचा संगणक आणि मुलांचे ऑनलाइन वर्ग ६ च्या लाइनीवर, कारण ती संथ असली तरी तिचं पिंग स्थिर आहे. टीव्ही, मोबाईल, अपडेट आणि बॅकअप हे सगळं खादाड मंडळ ८ च्या लाइनीवर. एक पडली की सगळे दुसरीवर. राउटरमध्ये हे नियम लिहायला अर्धा तास लागला. त्यानंतर घरात कोणी नेटबद्दल बोललं नाही, आणि यापेक्षा मोठी दाद मला मिळालेली नाही.

जोडणी करताना मी खाल्लेल्या ठेचा सांगते. माझ्या दोन्ही मोडेमचा आतला पत्ता एकच होता, १९२.१६८.१.१. राउटरला दोन्ही दारांबाहेर एकाच नावाची गल्ली दिसत होती, बिचारा कुठे जाणार? एकाचा पत्ता १९२.१६८.२.१ केला आणि दोन तासांचं कोडं दोन मिनिटांत सुटलं. दुसरी ठेच डीएनएसची, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणाऱ्या सोयीची: काही कंपन्यांचे डीएनएस सर्व्हर फक्त आपल्याच गिऱ्हाइकांना उत्तर देतात, प्रश्न दुसऱ्या लाइनीवरून गेला की गप्प. दोघींनाही चालेल असा सार्वजनिक डीएनएस घातला. आणि लाइन जिवंत आहे का हे तपासताना मोडेमला पिंग करू नका. तार रस्त्यात तुटलेली असली तरी घरातला मोडेम आनंदाने उत्तर देत राहतो. बाहेरचे दोन पत्ते तपासा, १.१.१.१ आणि ८.८.८.८ हे चालतील. दोन्ही गप्प झाले तरच लाइन मेली असं धरा.

समोरून एका काकांनी विचारलं, दोन कंपन्या घेतल्या म्हणजे एक तरी चालू राहणारच ना? काका, घरी गेल्यावर तारा कुठून येतात ते बघा. दोन्ही एकाच खांबावरून येत असतील तर एक फांदी पडली की दोन्ही जातात. जमलं तर एक तार आणि एक बिनतारी, अशी जोडी करा.

खेळणाऱ्या मुलाचा प्रश्न होता, दोन लाइनींनी पिंग कमी होईल का. नाही रे. पिंग म्हणजे जाऊन येण्याचा वेळ. शेजारी दुसरा रस्ता बांधला म्हणून गाव जवळ येत नाही. पण घरातले बाकीचे दुसऱ्या लाइनीवर पाठव, तुझा रस्ता मोकळा राहील.

आणि शेवटचा, मोबाईल हॉटस्पॉट दुसरी लाइन म्हणून चालेल का. चालेल, पण तिचा वेग टॉवरवरच्या गर्दीप्रमाणे तासातासाला बदलतो, म्हणून वाटणीत धरू नका, पहिली पडल्यावरच वापरायची अशी ठेवा. टीव्हीला तर त्या लाइनीवर पूर्ण बंदी घाला. मी ती घालायला विसरले होते. एका रात्री मुख्य लाइन पडली, सगळे झोपलेले, आणि टीव्हीने स्वतःचं अपडेट करायला तीच रात्र निवडली. सकाळी महिन्याचा डेटा संपल्याचा मेसेज आला होता.