पणजोबांचा अंगठा

श्रोतेहो, नमस्कार.

1794 सालचा उन्हाळा. पॅरिसमधल्या लक्झेंबर्ग राजवाड्याचा तेव्हा तुरुंग केला होता. दुसऱ्या दिवशी गिलोटिनकडे, म्हणजे शिरच्छेदाच्या यंत्राकडे, कोणाला न्यायचं हे ठरलं की रात्री त्यांच्या कोठडीच्या दारावर खडूनं खूण केली जायची. एका कोठडीत चार कैदी होते. त्यांतला एक तापानं फणफणलेला, धड शुद्धीतही नसलेला. त्या कोठडीचं दार बाहेरच्या अंगाला उघडायचं आणि पूर्ण उघडलं की भिंतीला चिकटून बसायचं. खूण करणारा आला तेव्हा दार तसंच उघडं होतं. त्यानं चारचा आकडा घातला आणि तो पुढे गेला. आकडा पडला होता दाराच्या आतल्या बाजूवर. रात्री दार लागलं, आकडा कोठडीच्या आत गेला, आणि न्यायला आलेल्यांना बाहेरून दार कोरं दिसलं. थोड्याच दिवसांत, ही दहशत चालवणाऱ्या रोबेस्पिएरची सत्ता कोसळली. चौघे वाचले. तापानं फणफणलेल्या त्या कैद्यानं ही हकीकत पुढे स्वतःच लिहून ठेवली. त्याचं नाव टॉमस पेन.

फ्रान्सच्या राज्यक्रांतीच्या बाजूनं लिहिलं म्हणून मायदेशात, इंग्लंडमध्ये, त्याच्यावर राजद्रोही लिखाणाचा खटला चालला होता, आणि त्याच क्रांतीनं त्याला कोठडीत डांबलं होतं. असं का झालं ते सांगायला आज मी तुमच्यासमोर आलो आहे.

अठराव्या शतकात युरोपात जे विचारमंथन झालं त्याला आपण ज्ञानोदय म्हणतो. त्यातली मोठी नावं शाळेत आपण सगळ्यांनी पाठ केलेली असतात. राज्य चालतं ते प्रजेच्या संमतीनं, असं इंग्लंडच्या जॉन लॉकनं 1689 मध्ये मांडलं. सत्ता एका हाती राहिली की माजते, म्हणून ती वाटून ठेवावी, हे माँटेस्क्यूनं 1748 मध्ये सांगितलं. माणूस स्वतंत्र जन्माला येतो आणि सगळीकडे बेड्यांत अडकलेला दिसतो, हे रूसोचं वाक्य 1762 सालचं. पण ही पुस्तकं जाडजूड होती आणि वाचणारे होते सुखवस्तू घरांतले. लोहाराच्या भट्टीपाशी, खानावळीच्या बाकावर हे विचार पोचवायला दुसराच कोणीतरी हवा होता.

पेनचा जन्म 1737 मध्ये इंग्लंडमधल्या थेटफर्ड या लहान गावातला. वडील बायकांच्या कमरेला आवळून बांधायच्या घट्ट चोळ्या शिवायचे. त्या चोळीत कापडाच्या दोन थरांमध्ये व्हेलच्या जबड्यातल्या लवचीक पट्ट्या एकेक करून शिवून बसवाव्या लागत. टॉमस हेच काम शिकला. नंतर अबकारी खात्यात नोकरीला लागला, सहकाऱ्यांचा पगार वाढावा म्हणून त्यानं संसदेपुढे ठेवायला एक अर्ज लिहिला, आणि 1774 मध्ये त्याची नोकरी गेली. लंडनमध्ये अमेरिकन मुत्सद्दी बेंजामिन फ्रँकलिनची भेट झाली. त्याच्या ओळखीची चिठ्ठी घेऊन पेन अमेरिकेला निघाला. बोटीवर तापाची साथ होती. फिलाडेल्फियाला त्याला उचलूनच उतरवावं लागलं. तेव्हा तो 37 वर्षांचा होता आणि हाताशी धड काही नव्हतं.

पुढे चौदा महिन्यांच्या आत, 10 जानेवारी 1776 रोजी, त्याची 'कॉमन सेन्स' ही पुस्तिका निघाली. त्यावर लेखकाचं नाव नव्हतं. अमेरिका तेव्हा इंग्लंडच्या वसाहतींचा मुलूख होता. इंग्लंडच्या राजाशी भांडण चालू असलं तरी अमेरिकेतले पुष्कळ लोक तेव्हाही समेटाचीच भाषा बोलत होते. पेननं थेट विचारलं की एका बेटानं अख्ख्या खंडावर कायमचं राज्य करावं, हे कुठल्या हिशेबात बसतं? राजेपणाच्या वारशाबद्दल तर तो म्हणाला की निसर्गालाच तो मान्य नसावा, नाहीतर सिंहाच्या जागी गाढव देऊन त्यानं इतक्या वेळा त्याची थट्टा केली नसती. ही भाषा शेतकऱ्याला कळत होती. ज्याला वाचता येत नव्हतं त्याला दुसरा वाचून दाखवत होता. त्याच वर्षी जुलैमध्ये स्वातंत्र्याचा जाहीरनामा निघाला. तो जेफरसननं लिहिला, आणि सरकारला सत्ता मिळते ती शासितांच्या संमतीतून हे लॉकचं सूत्र त्यात ठळकपणे आलं. पण लोकांच्या मनाची मशागत पेननं आधीच करून ठेवली होती, असं माझं मत आहे.

आता मला ज्या गोष्टीविषयी खरं बोलायचं आहे तिच्याकडे येतो.

1789 मध्ये फ्रान्समध्ये क्रांती झाली. राजाचा तुरुंग असलेला बास्तीय किल्ला पडला, आणि ऑगस्टमध्ये मानवी हक्कांचा जाहीरनामा आला. किल्ल्याची किल्ली सेनापती लाफाएतनं पेनच्या हाती सोपवली, अमेरिकेचा अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टनकडे पोचवायला. ती आजही वॉशिंग्टनच्या माउंट व्हर्ननच्या घरात भिंतीवर टांगलेली आहे. पुढच्या वर्षी लंडनमध्ये एडमंड बर्कचं क्रांतीवर कडाडून टीका करणारं पुस्तक निघालं. बर्क काही ऐरागैरा नव्हता. अमेरिकन वसाहतींची बाजू त्यानं संसदेत मांडली होती, आणि हिंदुस्थानातल्या कारभाराबद्दल वॉरन हेस्टिंग्जला त्यानंच आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं होतं. म्हणूनच त्याचा मुद्दा नीट ऐकला पाहिजे. त्याचं म्हणणं असं की 1688 च्या उलथापालथीनंतर इंग्लंडच्या संसदेनं विल्यम आणि मेरी यांना राज्य दिलं, तेव्हा आपल्या वतीनं आणि आपल्या वारसांच्या, वंशजांच्या वतीनं कायमची निष्ठा वाहिली. तो करार झाला. आता शंभर वर्षांनी इंग्रज माणसाला तो मोडायचा अधिकार नाही.

श्रोतेहो, आपल्या खेड्यापाड्यांत हे प्रकरण समजावून सांगायची गरजच पडू नये. पणजोबांनी सावकाराच्या कागदावर अंगठा उठवलेला असतो. कशासाठी, किती रुपयांसाठी, ते घरात कोणाला आठवत नाही. पण पणतू वेठीला जातो, कारण कागद आहे, आणि कागदावर अंगठा आहे.

पेननं 1791 मध्ये 'राइट्स ऑफ मॅन' लिहून याला उत्तर दिलं. त्याचं म्हणणं होतं की प्रत्येक पिढी आपल्यापुरती, आधीच्या पिढ्यांइतकीच, स्वतंत्र आहे. माणसाची माणसावर मालकी नसते, तशीच एका पिढीची पुढच्या पिढ्यांवर मालकी नसते. थडग्यातून राज्य करायची हाव ही सगळ्या जुलमांमधली सर्वांत उद्धट गोष्ट आहे, असे त्याचे शब्द होते. मग जुने कायदे चालतात ते कसे? याचंही उत्तर त्यानं दिलं, आणि मला ते फार महत्त्वाचं वाटतं. कायदा जुना असला तरी चालतो, पण तो चालतो तो जिवंत माणसांनी रद्द केला नाही म्हणून. त्याचा जोर मेलेल्यांच्या सहीत नाही, आजच्या माणसांच्या संमतीत आहे. वंशपरंपरेनं कायदे करणारा असू शकतो असं म्हणायचं असेल तर वंशपरंपरेनं गणिती का नको, असंही त्यानं विचारलं.

1792 मध्ये दुसरा भाग आला. त्यात पेन हिशेबाला बसला आहे. कर कुठून येतो, युद्धांवर किती जातो, आणि तो पैसा गरिबाकडे वळवला तर काय होईल. गरीब घरातल्या चौदा वर्षांखालच्या मुलामागे वर्षाला चार पौंड. पन्नाशी ओलांडलेल्या गरजूला वर्षाला सहा पौंड, साठीनंतर दहा. ही भीक नव्हे, हक्क आहे, असं तो बजावतो. म्हातारपणच्या पेन्शनीचा हा हिशेब 1792 सालचा आहे. स्वस्त आवृत्त्या कारागिरांच्या हाती पडू लागल्या तेव्हा इंग्लंडच्या सरकारला घाम फुटला. डिसेंबरात खटला उभा राहिला. पेन आधीच फ्रान्सला पोचला होता. त्याच्या गैरहजेरीत ज्यूरीनं त्याला दोषी ठरवलं.

फ्रान्समध्ये त्याला राष्ट्रीय परिषदेवर निवडून दिलं होतं. फ्रेंच बोलता येत नसताना! आणि तिथे लगेचच राजाच्या खटल्याची वेळ आली. सोळाव्या लुईचं काय करायचं? राजेशाहीचा आयुष्यभर द्वेष केलेल्या या माणसानं राजाला देहदंड देऊ नका, म्हणून मत दिलं. राजेपण संपवा, माणसाला मारू नका, त्याला अमेरिकेला हद्दपार करा. त्याचं भाषण दुभाष्यानं वाचून दाखवलं, तेव्हा ज्याँ-पॉल मारा हा जहाल पुढारी मध्येच ओरडला की पेन हिंसा न मानणाऱ्या क्वेकर पंथाचा आहे, त्याला या बाबतीत मत द्यायचा अधिकारच नाही. 21 जानेवारी 1793 रोजी लुईचा शिरच्छेद झाला. त्याच वर्षाच्या डिसेंबरअखेर पेन पकडला गेला. दारावरच्या खडूच्या आकड्यापर्यंतची वाट ही अशी होती. सुटल्यावरही तो बदलला नाही. ज्याला स्वतःचं स्वातंत्र्य शाबूत ठेवायचं आहे त्यानं आपल्या शत्रूलाही जुलमापासून वाचवलं पाहिजे, असं त्यानं 1795 मध्ये लिहिलं. ते नुसतं तोंडाचं बोलणं नव्हतं.

या विचारांची लंगडी बाजूही सांगायलाच हवी. सगळी माणसं समान निर्माण झाली आहेत असं लिहिणाऱ्या जेफरसनच्या मालकीचे, त्याच्या आयुष्यभरात मिळून, सहाशेहून अधिक गुलाम होते. स्त्रियांच्या हक्कांचा जाहीरनामा लिहिणारी ओलँप द गूज 1793 मध्ये गिलोटिनवर गेली. आणि फ्रान्सच्या सेंट डोमिंग या वसाहतीत, म्हणजे आजच्या हैतीत, उसाच्या मळ्यांवर सुमारे पाच लाख गुलाम राबत होते. 1791 मध्ये ते उठले. मानवी हक्कांचा जाहीरनामा त्यांनी शब्दशः खरा मानला, त्याच्या लेखकांपेक्षाही अधिक. नेपोलियननं पाठवलेल्या फौजेचा पराभव करून 1 जानेवारी 1804 रोजी त्यांनी स्वतःचं राष्ट्र उभं केलं. पण 1825 मध्ये फ्रान्सच्या राजानं समुद्रात युद्धनौका उभ्या करून त्यांच्याकडून 15 कोटी फ्रँकचा कागद लिहून घेतला. मळेवाल्यांचं नुकसान झालं, म्हणून भरपाई! ज्यांना विकलं होतं त्यांनीच आपली किंमत भरायची. रक्कम पुढे 9 कोटींवर आली, पण ती फेडायला कर्ज काढलं गेलं, आणि त्या कर्जांचे हप्ते 1947 पर्यंत चालले. पणतू नव्हे, त्याच्याही पुढची पिढी. अंगठ्याची गोष्ट मी उगाच काढली नाही.

पेन 1809 मध्ये न्यूयॉर्कला वारला. धर्मसंस्थेवर टीका करणाऱ्या पुस्तकामुळे लोक त्याच्यावर रुष्ट होते. मूठमाती द्यायला बोटांवर मोजण्याइतकी माणसं होती. दहा वर्षांनी विल्यम कॉबेट या पत्रकारानं त्याची हाडं उकरून इंग्लंडला नेली, स्मारक बांधायला म्हणून. स्मारक झालं नाही, हाडंही हरवली.

पुस्तकं मात्र समुद्र ओलांडून आली. 1847 च्या सुमारास पुण्यात विशीतल्या जोतीराव फुल्यांनी आणि त्यांच्या मित्रांनी 'राइट्स ऑफ मॅन' वाचलं. हे तरुण ज्या गावात राहत होते तिथे कोणी शिकावं आणि कोणी शिकू नये, कोणी वरातीत पुढे चालावं आणि कोणी मागे, हे शेकडो वर्षांपूर्वी मेलेल्या माणसांनी लिहून ठेवलेलं होतं. 1848 मध्ये एका ब्राह्मण मित्राच्या लग्नाच्या वरातीत जोतीरावांचा जातीवरून अपमान झाला. त्याच वर्षी बुधवार पेठेत भिड्यांच्या वाड्यात मुलींची शाळा उघडली. सावित्रीबाई शिकवायला उभ्या राहिल्या. पुढे 1873 मध्ये जोतीरावांनी 'गुलामगिरी' प्रसिद्ध केलं आणि ते अर्पण केलं अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना, त्यांनी निग्रो गुलामांना दास्यातून सोडवलं म्हणून. ही अर्पणपत्रिका नीट वाचावी अशी आहे. अमेरिकेच्या मूळ राज्यघटनेनं गुलामगिरी पोटात घातली होती. 1865 च्या दुरुस्तीनं ती काढून टाकली. पूर्वजांची सही मोडायला तयार झालेल्या माणसांना पुण्याच्या एका माळ्यानं केलेला हा नमस्कार आहे.

आणि जोतीरावांना ज्यांनी गुरू मानलं, ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर 25 नोव्हेंबर 1949 रोजी संविधान सभेत बोलायला उभे राहिले. दुसऱ्या दिवशी संविधान स्वीकारलं जाणार होतं. तीन वर्षं राबून तयार केलेल्या त्या मसुद्याविषयी बोलताना त्यांनी जेफरसनचे शब्द वाचून दाखवले. प्रत्येक पिढी म्हणजे जणू एक वेगळं राष्ट्र. तिला बहुमतानं स्वतःला बांधून घ्यायचा अधिकार आहे, पण पुढच्या पिढीला बांधायचा नाही, जसा परक्या देशातल्या माणसांना बांधायचा तो नसतो. आणि मग त्यांनी सभागृहाला सांगितलं की या सभेनं आपल्या संविधानावर अंतिमपणाचा आणि अचूकपणाचा शिक्का मारलेला नाही, ते बदलायची वाट अमेरिकेपेक्षा आणि ऑस्ट्रेलियापेक्षा सोपी ठेवली आहे.

नमस्कार.