हातच्याची वजाबाकी : दोन वर्ग, दोन पद्धती

(दृश्य : फळ्यावर 42 उणे 17 हे उदाहरण. मुलांच्या पाट्या.)

प्राथमिक शाळेत हातच्याची वजाबाकी सुरू झाली की बऱ्याच पाट्यांवर एकच चुकीचे उत्तर उमटते. 42 मधून 17 वजा करायचे असतात आणि मूल 35 लिहिते. सातातून दोन गेले, पाच उरले; चारातून एक गेला, तीन उरले. मोठ्या अंकातून लहान अंक वजा करायचा, एवढे त्याला पक्के ठाऊक असते आणि ते त्याने नीट केलेलेही असते. फक्त बेचाळीस ही एक अखंड संख्या आहे, चार आणि दोन असे शेजारी उभे केलेले दोन सुटे अंक नव्हेत, हे त्याच्या मनात अजून बसलेले नसते. या 35 चे वर्गात पुढे काय होते, ते पाहिले की शिक्षककेंद्री आणि विद्यार्थीकेंद्री अध्यापनातला फरक कोणत्याही व्याख्येपेक्षा लवकर कळतो.

पहिल्या वर्गात गुरुजी फळ्याजवळ उभे आहेत. दोनातून सात जात नाहीत, म्हणून दशकाच्या घरातून एक दशक घ्यायचा, दोनाचे बारा करायचे, चारच्या जागी तीन लिहायचे, ही रीत ते सावकाश आणि स्पष्ट शब्दांत सांगतात. वर्ग ती एका सुरात म्हणतो, मग दहा उदाहरणे सोडवतो. ज्याचे उत्तर 35 आले, त्याच्या वहीत लाल फुली पडते आणि शेजारी बरोबर रीत लिहून मिळते. या पद्धतीला केवळ घोकंपट्टी म्हणून मोडीत काढणे अन्यायाचे ठरेल. रीत नेमकी असते, वेळ कमी लागतो, आणि चांगला शिक्षक असेल तर त्याच्या मांडणीत विषयाचा क्रम मुलांना उमगत जातो.

(दृश्य : दोऱ्याने बांधलेले काड्यांचे गठ्ठे, सुट्या काड्या, जमिनीवर गोल बसलेली मुले.)

दुसऱ्या वर्गात चार-चार मुलांचे गट आहेत. प्रत्येक गटापुढे दहा-दहा काड्यांचे चार गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या आहेत. "यातल्या सतरा काड्या मला द्या," एवढेच बाई म्हणतात. एक गठ्ठा देणे सोपे असते, पण पुढच्या सात सुट्या काड्या कुठून आणायच्या यावर मुले अडतात, वाद घालतात आणि अखेर कुणीतरी दुसऱ्या गठ्ठ्याचा दोरा सोडते. "आता सुट्या किती झाल्या?" असे बाई विचारतात. "बारा," असे उत्तर येते. सात देऊन पाच उरतात, शिल्लक गठ्ठे दोन, म्हणजे पंचवीस. ज्याने आधी 35 लिहिले होते, त्याला बाई म्हणतात, "तुझ्या पस्तीस काड्यांत दिलेल्या सतरा परत मिळवून बघ." बेरीज 52 येते, आणि काड्या तर मुळात 42 च होत्या. आपले उत्तर का चुकले, हे त्या मुलाला काड्यांनीच दाखवलेले असते. या सगळ्यात एक अख्खी तासिका जाते आणि माझ्या मते ती सत्कारणी लागते. कारण शेकड्यातून दशक सोडवायची वेळ येते, तेव्हा गठ्ठा सोडण्याचा हा अनुभव त्या मुलाच्या हाताशी तयार असतो.

पंतोजींच्या शाळेत धुळपाटीवर अक्षरे गिरवली जात आणि पाढ्यांबरोबर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी हे अपूर्णांकांचे पाढेही तोंडपाठ करून घेतले जात. छापील पुस्तक दुर्मीळ होते आणि हिशेब जिभेवर असणे व्यवहाराला आवश्यक होते, तेव्हा या पाठांतराला सबळ कारण होते. पुढे छापील पुस्तक आणि परीक्षा आल्या, तरी वर्गाची बैठक फारशी बदलली नाही.

ती बदलण्याचा महाराष्ट्रातला सर्वांत धाडसी प्रयत्न डहाणूच्या परिसरात झाला. 1926 साली गुजरातचे बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका यांच्यासोबत नूतन बालशिक्षण संघ उभा करणाऱ्या ताराबाई मोडक यांनी 1945 साली बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्राचे काम सुरू केले. अनुताई वाघ तिथेच त्यांना येऊन मिळाल्या, आणि 1957 साली हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. आसपासच्या आदिवासी पाड्यांतली मुले दिवसभर गुरे राखत. त्यांना शाळेच्या वेळेत बसवणे शक्य नव्हते. मग शाळाच पाड्यातल्या अंगणात भरू लागली, आणि जिथे मुले गुरे चारत, त्या कुरणातही भरली. पाने, बिया आणि खडे मोजण्यासाठी वापरले गेले. मुलांच्या गाण्यांना आणि गोष्टींना वर्गात जागा मिळाली. कुरणशाळेची ही कल्पना मला आजही विलक्षण वाटते. विद्यार्थीकेंद्री शिक्षण म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे रंगीत साहित्याने भरलेली खोली येते. ताराबाई आणि अनुताईंनी मात्र मुलाच्या दिवसाला केंद्र मानले आणि शाळेचे वेळापत्रक त्याप्रमाणे वाकवले. असे असूनही काय शिकवायचे, कोणत्या क्रमाने शिकवायचे आणि कोणत्या मुलाला आज कशाची गरज आहे, हे ठरवण्याची जबाबदारी त्यांनी क्षणभरही सोडली नाही.

(दृश्य : जिल्हा परिषद शाळेची रंगवलेली फरशी, संख्यारेषा, अक्षरांचे तक्ते.)

2005 च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने मूल स्वतःच्या अनुभवातून ज्ञानाची रचना करते, ही भूमिका घेतली. 1 एप्रिल 2010 पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 29 मध्ये कृती, शोध आणि बालकेंद्री पद्धतीने शिकण्याचा उल्लेख आला. सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटमधील (बीट म्हणजे एका अधिकाऱ्याच्या देखरेखीखालचा शाळांचा गट) जिल्हा परिषद शाळांनी ही दृष्टी प्रत्यक्ष वर्गात उतरवून दाखवली, राज्यभरातले शिक्षक त्या शाळा पाहायला गेले, आणि 22 जून 2015 च्या शासन निर्णयाने प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र कार्यक्रम सुरू झाल्यावर ज्ञानरचनावाद हा शब्द शिक्षकांच्या बैठकांत नित्याचा झाला. अनेक शाळांचा त्यामुळे खरोखर कायापालट झाला. काही शाळांत मात्र फरशी रंगली, तक्ते लागले, मुले गोलात बसली आणि त्या गोलात पूर्वीचेच सामूहिक पठण सुरू राहिले. फरशीवर संख्यारेषा आखायला एक दिवस पुरतो. त्या रेषेवर उभ्या असलेल्या मुलाला कोणता प्रश्न विचारायचा, हे शिकायला शिक्षकाला बराच काळ आणि जाणत्या सहकाऱ्याची सोबत लागते. ती सोबत पुरवण्यात आपली व्यवस्था कमी पडली, असे मला स्पष्टपणे म्हणावेसे वाटते.

दुसऱ्या बाजूचा पुरावाही तितक्याच गांभीर्याने पाहिला पाहिजे. अमेरिकेत 1968 साली सुरू झालेल्या ‘फॉलो थ्रू’ या मोठ्या प्रकल्पात गरीब वस्त्यांतल्या मुलांसाठी अनेक अध्यापन पद्धती ताडून पाहिल्या गेल्या, आणि वाचन-गणिताच्या मूलभूत कौशल्यांत पायरीपायरीने थेट शिकवण्याची पद्धत सरस ठरली. त्या मूल्यमापनावर पुढे वाद झाले, पण तो निष्कर्ष दुर्लक्षिण्यासारखा नाही. ऑस्ट्रेलियन मानसशास्त्रज्ञ जॉन स्वेलर यांनी दाखवले की एका वेळी मनात धरून ठेवता येणाऱ्या गोष्टी फार थोड्या असतात. नवख्या विद्यार्थ्याला मदतीशिवाय शोध घ्यायला सोडले, तर त्याची बरीच शक्ती चाचपडण्यातच खर्च होते.

यातून वर्गात उपयोगी पडणारा एक भेद हाती येतो. ‘क’ हे अक्षर असेच का काढायचे, हे कोणतेही मूल विचार करून शोधू शकणार नाही, कारण तो समाजाने ठरवलेला संकेत आहे. तो सांगावा लागतो, गिरवून घ्यावा लागतो. वजाबाकीची उभी मांडणी, ऱ्हस्व-दीर्घाचे नियम, नकाशावरच्या खुणा यांचेही तसेच आहे. एक दशक म्हणजे दहा एकक, हा मात्र संबंध आहे. तो केवळ सांगितला तर शब्द म्हणून लक्षात राहतो आणि 42 मधून 17 वजा करताना नेमका उपयोगी पडत नाही. पहिल्या वर्गातले गुरुजी संबंधालाही संकेतासारखे सांगून मोकळे होतात. उलट काही उत्साही शिक्षक संकेतही मुलांनीच शोधावा म्हणून थांबून राहतात, आणि ज्यांच्या घरी अभ्यास घेणारे कुणी नाही, ती मुले त्यात सर्वांत मागे पडतात.

गटकार्यालाही शिक्षकाची करडी नजर लागते. चौघांपैकी एकच हुशार मुलगी गठ्ठा सोडते, उत्तर सांगते आणि उरलेले तिघे मान डोलावतात, असे सर्रास घडते. म्हणून दुसऱ्या वर्गातल्या बाई गटागटांतून फिरतात, गप्प असलेल्या मुलाकडे काड्या देतात आणि त्यालाच करून दाखवायला सांगतात. शेवटी त्या फळ्याजवळ येतात आणि गठ्ठा सोडला ते कागदावर कसे लिहायचे, हे स्वतः शिकवतात. काड्यांवरून लेखी रीतीकडे नेण्याचे हे काम वगळले, तर मुलांना साहित्य हाताळता येते आणि वहीतली वजाबाकी तशीच अडून राहते.

(दृश्य : द्विशिक्षकी शाळा. एका खोलीत पहिली आणि दुसरी, शेजारच्या खोलीत तिसरी आणि चौथी.)

महाराष्ट्रातल्या असंख्य द्विशिक्षकी शाळांत ही निवड रोज प्रत्यक्ष करावीच लागते, कारण एका शिक्षकापुढे दोन इयत्ता बसलेल्या असतात. तिसरीला काड्यांचे किंवा नाण्यांचे काम देऊन बाई चौथीला फळ्यावर भागाकाराची मांडणी समजावतात. मग चौथी उदाहरणे सोडवत असताना त्या तिसरीत येऊन बसतात आणि कुणी काय केले ते विचारतात. बहुवर्ग अध्यापनाचे प्रशिक्षण घेतलेला शिक्षक या अदलाबदलीचे नियोजन आदल्या दिवशीच वहीत करून ठेवतो : कोणत्या गटाला आज सांगायचे, कोणत्या गटाला करू द्यायचे, आणि ज्याने काल 35 लिहिले होते, त्याच्याजवळ किती वाजता जाऊन बसायचे.