टबातून उठता येतं का, आजी?

दोन जिने चढून तुम्ही सगळे इथे आलात, त्याबद्दल आधी आभार. गुडघ्यांवरच्या व्याख्यानाला दुसऱ्या मजल्यावरचं सभागृह द्यायचं हे फक्त मुंबईतच होऊ शकतं.

मी फिजिओथेरपिस्ट आहे, सर्जन नाही. सांधेबदलाच्या एका अभ्यासात माझ्याकडे फोन करायचं काम होतं. ऑपरेशननंतर सहा आठवडे, सहा महिने, एक वर्ष, दोन वर्षं अशा ठरलेल्या वेळी पेशंटला फोन लावायचा आणि छापील प्रश्न विचारायचे. सांधा किती दुखतो, आखडतो, रोजची कामं किती जमतात हे विचारणाऱ्या या प्रश्नावलीचं नाव वोमॅक. कॅनडातल्या दोन विद्यापीठांच्या नावांवरून ते पडलं, 1982 पासून ती वापरात आहे आणि तिच्यात 24 प्रश्न आहेत. लालबागच्या चाळीतल्या एका आजींना मी त्यातला आंघोळीच्या टबाचा प्रश्न विचारला. टबात उतरताना, टबातून उठताना किती त्रास होतो? आजी मूळच्या कुडाळकडच्या. त्या म्हणाल्या, "अगे बाय, टबात मी कपडे भिजवतंय, बसतलंय कित्याक?"

आता या उत्तराला शून्य ते चारपैकी किती गुण द्यायचे? प्रश्न सोडला तर बेरीज अडते आणि अंदाजाने आकडा टाकला तर ते खोटं. पायमोज्यांवर तर दोन प्रश्न आहेत, घालताना आणि काढताना. आजींनी जन्मात मोजे घातलेले नाहीत. उलट मोरीत उकिडवं बसणं, पाटावर मांडी घालणं, जमिनीवर हात न टेकता उठणं यातलं काहीच त्या कागदावर नाही. जिना उतरायला गुडघा साधारण 90 ते 100 अंश वाकला तरी भागतं. उकिडवं बसायला तो 130 च्या पुढे जावा लागतो आणि बदललेले बरेच गुडघे तिथवर पोचत नाहीत. म्हणजे ज्या जागी आपल्या माणसाचं खरंच अडतं, नेमकं तिथेच प्रश्नपत्रिका गप्प.

जाता जाता सांगते, आपण सर्रास "वाट्या बदलल्या" म्हणतो. प्रत्यक्षात मांडीच्या हाडाचं खालचं टोक आणि नडगीचं वरचं टोक यांवर नवे भाग बसवतात. वाटी पुष्कळदा तीच राहते.

तुम्ही म्हणाल, इतकी वर्षं विचारत राहायचंच कशाला? एक्स-रे काढावा, सांधा जागेवर आहे का पाहावं आणि मोकळं व्हावं. त्यावर एक जुनी हकिकत सांगते. ती गुडघ्याची नाही, खुब्याची आहे. इंग्लंडात लँकेशरमध्ये रायटिंग्टनच्या रुग्णालयात जॉन चार्नली नावाचे सर्जन होते. कृत्रिम खुब्यात घर्षण कमीत कमी हवं म्हणून त्यांनी सांध्याची खोबण टेफ्लॉनची केली, आपल्या तव्यावर असतं तेच टेफ्लॉन. पेशंट खूश! वर्षानुवर्षं खुरडणारी माणसं चालायला लागली. सुमारे तीनशे जणांना ते सांधे बसले. मग दोन-तीन वर्षांत टेफ्लॉन झिजलं, त्याच्या चुऱ्याने आजूबाजूचं हाड खराब व्हायला लागलं आणि तेच सांधे चार्नलींना पुन्हा उघडावे लागले.

पुढचा भाग गिरणगावातल्या लोकांना आवडेल. 1962 मध्ये एक विक्रेता त्यांच्या प्रयोगशाळेत प्लॅस्टिकच्या दातेरी चक्राचा नमुना घेऊन आला. हे प्लॅस्टिक लँकेशरच्या कापड गिरण्यांतल्या मागांसाठी होतं. चार्नलींनी ते पाहून नाक मुरडलं. ते बाहेरगावी गेले तेव्हा त्यांचे तंत्रज्ञ हॅरी क्रेव्हन यांनी तो तुकडा झिजवण्याच्या यंत्रावर चढवला. टेफ्लॉन एका दिवसात जितकं झिजायचं, तितकं हे तीन आठवडे रात्रंदिवस घासूनही झिजलं नाही. आज जगभर सांध्यांत बसतं ते पॉलिथिलीन याच जातकुळीचं. आमच्या आजींचे यजमान गिरणीत साचे, म्हणजे माग, चालवायचे. आजींना मी ही गोष्ट सांगितली तर त्या म्हणाल्या, "बघ, शेवटी गिरणीच कामाला आली."

सहा महिन्यांनी विचारलं असतं तर टेफ्लॉन उत्तम ठरलं असतं. म्हणून वर्षानुवर्षं पाठपुरावा करावा लागतो. स्वीडनने बदललेल्या गुडघ्यांची राष्ट्रीय नोंदवही 1975 मध्येच सुरू केली. 2019 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात एक मोठा आढावा आला, त्यात ऑस्ट्रेलिया आणि फिनलंडच्या नोंदी होत्या. 25 वर्षांनंतर साधारण 82 टक्के बदललेले गुडघे टिकून होते. फार मोठी गोष्ट आहे ही, मी कमी लेखत नाही. पण नोंदवहीच्या भाषेत "टिकला" याचा अर्थ एवढाच की दुसरं ऑपरेशन झालं नाही. दुखत असूनही जो गप्प बसला तो टिकला. ज्याच्याकडे दुसऱ्या ऑपरेशनला पैसे नव्हते तोही टिकला. 2017 मध्ये सरकारने आपल्याकडे गुडघ्याच्या इम्प्लांटची किंमत बांधून दिली, नेहमीच्या कोबाल्ट-क्रोमच्या सांध्याची 54,720 रुपये अधिक जीएसटी. त्याआधीचे भाव आठवणारे लोक इथे असतील. "टिकला" या शब्दामागे खिशाचाही हिशेब असतो, तो असा.

ऑपरेशन करावंच का, हेही एकदा नीट तपासलं गेलं. डेन्मार्कमध्ये 100 जणांची चिठ्ठ्या टाकून वाटणी केली. सगळ्यांना व्यायाम, आहार, सल्ला होताच, निम्म्यांना त्याआधी नवा गुडघाही मिळाला. 2015 मध्ये निकाल छापून आला. नवा गुडघा घेतलेल्यांचा आराम जवळपास दुप्पट होता, पण गंभीर गुंतागुंतीही त्यांच्यातच जास्त. आणि नुसत्या व्यायामवाल्यांपैकी तीनचतुर्थांश लोक वर्षभरात ऑपरेशनकडे वळलेच नाहीत. दोन्ही बाजूंचे डॉक्टर हाच अभ्यास एकमेकांच्या तोंडावर फेकतात.

आता माझं खरं दुखणं. पेशंट हरवतात. फोन नंबर मुलाचा असतो, मुलगा नंबर बदलतो, सून म्हणते "त्या गावी आहेत". हरवलेले ठणठणीतच असणार असं धरून चालण्याचा मोह होतो, पण इंग्लंडमध्ये खुब्याच्या पेशंटांवर झालेल्या अभ्यासात, 1997 मध्ये, उलटं दिसलं. पाठपुराव्यातून गळालेल्यांची अवस्था येत राहिलेल्यांपेक्षा वाईट होती. त्यामुळे एकेका फोनसाठी मी तीन-तीन संध्याकाळी घालवल्या आहेत.

मांडी, मोरी आणि पाट यांवरचे प्रश्न आम्ही शेवटी वेगळ्या कागदावर घेतले. मूळ बेरजेत ते मिसळता येत नाहीत, मिसळले तर जगाशी तुलना संपली. वर्षाच्या फोनला आजींचे वोमॅकचे गुण झकास होते. वेगळ्या कागदावर त्यांनी सांगितलं की गणपतीत मोदक खुर्चीवर बसून वळले आणि पंगतीत त्या एकट्याच टेबलाशी होत्या. हे सांगताना त्यांचा आवाज जरा उतरला होता.

दोन वर्षांच्या फोनला त्या कुडाळला होत्या. पहिल्यांदा फोन नातवाने उचलला. "आजी विहिरीवर गेलीय, पाणी आणायला." दुसऱ्यांदा त्या शेजारच्या वाडीत लग्नाला गेल्या होत्या. तिसऱ्यांदा रेंज नव्हती. आमच्या नियमाप्रमाणे तीन फोन झाले की रकाना बंद करायचा असतो. मी त्यात लिहिलं, "संपर्क झाला नाही."