खुर्चीशेजारी एक स्टूल

(जागतिक ऑप्टोमेट्री दिनानिमित्त कोल्हापुरात ऑप्टोमेट्रीचे विद्यार्थी आणि स्वतःचं क्लिनिक चालवणारे व्यावसायिक यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन.)

नमस्कार.

पुढच्या रांगांमध्ये बी. ऑप्टोमच्या शेवटच्या वर्षातली मुलंमुली बसली आहेत आणि मागे क्लिनिक चालवणारे माझे सहकारी. मी आज जास्त करून मागच्या रांगांशी बोलणार आहे. पुढच्यांनी नीट ऐकावं आणि कार्यक्रम संपल्यावर मागच्यांना गाठावं.

माझं म्हणणं थोडक्यात असं. नजर तपासून चष्म्याचा नंबर काढायच्या या पेशाची ओढ वर्गात बसून लागत नाही. ती चालू क्लिनिकमध्ये, पेशंटच्या खुर्चीशेजारी बसून लागते. म्हणून आपल्यापैकी प्रत्येकाने त्या खुर्चीशेजारी विद्यार्थ्यासाठी एक स्टूल ठेवायला हवं.

तीन वर्षं अभ्यास आणि एक वर्ष इंटर्नशिप अशी आपली पदवी. इंटर्नशिप बहुतेकांची मोठ्या हॉस्पिटलात होते, आणि व्हायलाच हवी. तिथे जे आजार बघायला मिळतात ते माझ्याकडे वर्षानुवर्षं दिसणार नाहीत. पण तिथे काम वाटलेलं असतं. एकजण ऑटोरेफवर, म्हणजे नंबर काढणाऱ्या मशिनवर, एकजण डोळ्याचं प्रेशर मोजायला, एकजण थेंब घालायला. सकाळी ज्याचा नंबर काढला त्याने चष्मा केला का, केला तर तो घालतो का, हे त्या इंटर्नला कधी कळत नाही. क्लिनिकमध्ये तक्रार ऐकण्यापासून फ्रेमच्या काड्या कानामागे बसवण्यापर्यंत सगळं एकाच छपराखाली चालतं. आणि पंधरा दिवसांनी तोच माणूस "ताई, जिना उतरताना पायरी हलते" म्हणत परत आला, तर तेही विद्यार्थ्याच्या समोरच घडतं.

मी इचलकरंजीत, यंत्रमागांच्या गावात काम करते. आमच्याकडे येणारा माणूस पहिल्यांदा सांगतो तो त्याचा धंदा. कुणी मागावर आहे, कुणी सायझिंगला (सुताला खळ लावायला), कुणी घडी घालायला. मेंडिंग करणाऱ्या, म्हणजे कापडातले दोष काढणाऱ्या, बायका येतात. हुपरीहून चांदीचे कारागीर येतात. आजूबाजूच्या गावांतून ऊसवाले शेतकरी येतात. मराठी, कानडी, हिंदी, सगळं एका बाकावर बसलेलं असतं, त्यामुळे आमचा इंग्रजी 'ई' अक्षराचा तक्ता फार झिजतो. अक्षर वाचायचं नाही, 'ई'ची तोंडं कुठे वळलीत ते बोटांनी दाखवायचं. कुठल्याही भाषेचा माणूस दोन मिनिटांत समजून घेतो.

वहिफणीचं काम तुमच्यापैकी किती जणांनी पाहिलंय? बीमवरचा, म्हणजे ताण्याच्या रुळावरचा, एकेक धागा वहीच्या, म्हणजे मागातल्या तारांच्या, बारीक डोळ्यातून ओवायचा आणि मग फणीच्या घरातून काढायचा. हजारो धागे. एक चुकला तर कापडात ती चूक गजागजाने लांबत जाते. असा एक वहिफणी कामगार माझ्याकडे आला होता. वय पन्नाशीच्या पुढे, खिशात नवाकोरा बायफोकल. त्यातून पेपर छान वाचता येत होता, पण कामावर तो चष्मा काढून ठेवत होता. त्या दिवशी माझ्याकडे एक इंटर्न होती. तिने नंबर पुन्हा काढला, तो बरोबरच निघाला. ती माझ्याकडे बघायला लागली, की आता काय?

मी त्यांना म्हटलं, "मामा, धागा ओवताना बसता तसं बसून दाखवा." ते स्टुलावर वाकून बसले, हात पुढे घेतले. मी तिच्या हातात टेप दिली. डोळ्यापासून बोटांपर्यंत तीस सेंटिमीटर, आणि नजर खाली नव्हती, समोर होती. बायफोकलमधली जवळची काच खाली असते. ती नजरेत आणायला त्यांना मान मागे टाकावी लागायची, दिवसभर. शिवाय तो नंबर चाळीस सेंटिमीटरवर धरलेल्या वाचायच्या कार्डासाठी काढलेला होता. चाळीसला अडीच डायॉप्टर (काचेच्या ताकदीचं माप) लागतात, तीसला सव्वातीन ते साडेतीन. डोळ्याची स्वतःची उरलेली ताकद वजा केली तरी काच कमी पडत होती. त्यांना त्या अंतराची, पूर्ण काचेची, फक्त कामासाठीची साधी जोडी हवी होती. सगळ्यात स्वस्त फ्रेममध्येही ती होते.

भागाकार तिला पहिल्या वर्षापासून येत होता. शंभराला सेंटिमीटरमधल्या अंतराने भागायचं: एक मीटरला एक, पन्नासला दोन, पंचवीसला चार. पण हा भागाकार कुणाच्या तरी रोजंदारीशी बांधलेला आहे, हे तिला त्या टेपवर दिसलं. त्यानंतर ती प्रत्येकाला आधी विचारायची, काम काय करता, करून दाखवा. हुपरीचा कारागीर डाक लावताना, म्हणजे जोड देताना, दागिना पंचवीसच्याही आत आणतो. मेंडिंगवाल्या मावशींचं कापड टेबलावर अर्ध्या मीटरच्या पुढे पसरलेलं असतं. मागावरच्या माणसाला हाताएवढ्या अंतरावर तुटलेला धागा दिसायला हवा, आणि दोन मागांमधल्या अरुंद वाटेने चालताना पायाखालचंही. चौघांचं वय एक, दूरचा नंबर शून्य, आणि चौघांचे चष्मे चार. कुठल्याही मशिनमधून हे छापून येत नाही.

चष्म्याने कमाईत फरक पडतो, हे मोजलंही गेलंय. आसामच्या चहाच्या मळ्यांत चाळीशीपुढच्या ७५१ कामगारांवर एक अभ्यास झाला आणि २०१८ साली 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये छापून आला. ज्यांना जवळचा चष्मा मिळाला त्यांची पानं खुडण्याची क्षमता न मिळालेल्यांच्या तुलनेत सुमारे २२ टक्क्यांनी जास्त वाढली. एका साध्या काचेने! हा आकडा मी प्रत्येक इंटर्नला सांगते, पण टेप हातात दिल्यानंतर सांगते. आधी सांगितला तर तो परीक्षेचा मुद्दा होतो.

आता रेटिनोस्कोपबद्दल, म्हणजे डोळ्यात उजेड टाकून नंबर शोधायच्या हातातल्या उपकरणाबद्दल, कारण तो आपल्या हातून सुटत चाललाय. ऑटोरेफ आल्यापासून आपण त्याची चिठ्ठी घेतो आणि तिथून सुरुवात करतो. अंधाऱ्या खोलीत उजेडाची पट्टी बाहुलीवरून फिरवायची, आतली तांबूस चमक सोबत जाते की उलट ते बघायचं, आणि काचा घालत घालत ती चमक एका क्षणी पूर्ण भरून येते. हा आनंद विद्यार्थ्याला मिळालाच पाहिजे.

आणि आनंदाच्या पलीकडेही त्याचं काम आहे. अकरावीतला एक मुलगा होता, दर सहा महिन्यांनी नंबर बदलणारा. घरचे म्हणायचे मोबाइलमुळे. ऑटोरेफ दर वेळी वेगळा सिलिंडर, म्हणजे तिरका नंबर, दाखवत होतं. रेटिनोस्कोप धरला तर बाहुलीतली चमक दोन पात्यांसारखी उघडत-मिटत होती, कात्रीसारखी. काच कुठलीही घातली तरी ६/६, म्हणजे पूर्ण नजर, येईना, पिनहोलमधून, म्हणजे बारीक भोकातून, मात्र ओळी सुधारत होत्या. मी शेजारच्या विद्यार्थ्याला म्हटलं, तू बघ. तो बराच वेळ बघत राहिला आणि मग हळूच म्हणाला, "मॅडम, केराटोकोनस?" म्हणजे बुबुळ पातळ होत शंकूसारखं पुढे येण्याचा आजार. मुलाला विचारलं, डोळे चोळतोस का? आईनेच उत्तर दिलं, लहानपणापासून. त्याच आठवड्यात कॉर्नियाची टोपोग्राफी, म्हणजे बुबुळाच्या पृष्ठभागाचा नकाशा, झाली, निदान पक्कं झालं, आणि पुढे डॉक्टरांनी क्रॉसलिंकिंग केलं, म्हणजे बुबुळ आणखी पातळ होत पुढे येणं थांबवण्याचा उपचार. तो विद्यार्थी आज कॉन्टॅक्ट लेन्समध्येच काम करतो, असेच डोळे बघतो.

कुठे थांबायचं, हेही क्लिनिकमध्येच शिकता येतं. ऊसतोडीच्या हंगामात पान डोळ्याला लागलेली माणसं येतात. दोन दिवस घरी काढलेले असतात, मेडिकलमधून कसलेतरी थेंब आणून घातलेले असतात. ती बाटली आधी मागून घ्यायची. त्यात स्टेरॉइड असेल आणि जखमेत बुरशी शिरली असेल, तर तेच थेंब बुबुळ घालवतात. फ्लुरोसीनची पट्टी लावायची, निळ्या उजेडात जखम हिरवी चमकते, आकार लिहून ठेवायचा, थेंब बंद करायला सांगायचं आणि त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे पाठवायचं. नुसती चिठ्ठी देऊन नाही, फोन करून. आपलं काम तिथे संपतं, पण संध्याकाळी पुन्हा फोन करून तो पोहोचला का हे विचारण्यापर्यंत ते आपलंच असतं. विद्यार्थ्यासमोर हा फोन केला की वेगळं काही शिकवावं लागत नाही.

तसंच आजीबाईंचं. "आता बिनचष्म्याची पोथी वाचते, नजर परत आली" म्हणून घरात कौतुक चाललेलं असतं. मोतीबिंदू पिकताना नेत्रमणी, म्हणजे डोळ्यातलं भिंग, घट्ट होतो, डोळा मायनसकडे सरकतो आणि जवळचं काही काळ स्पष्ट दिसतं. आजींना हे आनंद न मोडता कसं सांगायचं, तेही बघून शिकायचं.

आता पैशाचं बोलते. ते टाळलं तर बाकीचं सगळं पोकळ होईल. तपासणी मोफत आणि कमाई सगळी फ्रेममधून, असं क्लिनिक असेल तर विद्यार्थ्याला आठवड्याभरात कळतं की ज्याला चष्मा लागत नाही तो माणूस इथे तोट्यात धरतात. मग तो पाव नंबरही लिहून द्यायला शिकतो. माझ्याकडे तपासणीची फी वेगळी आहे, दारातल्या फलकावर लिहिलेली आहे, चष्मा घ्या अथवा नका घेऊ. चिठ्ठीवर दोन बाहुल्यांमधलं अंतरसुद्धा लिहून देते, म्हणजे काचा कुठेही करता येतात. सुरुवातीला लोक कुरकुरले. "शेजारच्या चौकात फुकट तपासतात" हे वाक्य मी असंख्य वेळा ऐकलंय. पण "तुम्हाला चष्म्याची गरज नाही" हे वाक्य ज्या दिवशी विद्यार्थी स्वतः पेशंटला सांगतो आणि पेशंट समाधानाने फी देऊन जातो, त्या दिवशी आपण आरोग्यसेवेत आहोत हे त्याला आतून पटतं. २०२१च्या कायद्याने ऑप्टोमेट्रीला आरोग्य व्यवसायांच्या यादीत जागा दिली. ते फार मोलाचं आहे, पण ती जागा रोजच्या वागण्यात दिसायची असेल तर फी आणि फ्रेम वेगळी हवी.

मागच्या रांगेत कुणाच्या मनात आलं असेल, शिकवणं कॉलेजचं काम, आमचं कशाला? आपल्या देशात हा पेशा उभा राहिला तोच मुळी चालत्या दवाखान्यांत. १९५८मध्ये अलिगढचं गांधी आय हॉस्पिटल आणि हैदराबादचं सरोजिनीदेवी हॉस्पिटल, इथे दोन वर्षांचे अभ्यासक्रम सुरू झाले. १९८५ साली चेन्नईत शंकर नेत्रालयाने 'एलिट स्कूल ऑफ ऑप्टोमेट्री' काढलं आणि चार वर्षांची पदवी आली. मदुराईच्या अरविंद आय हॉस्पिटलने खेड्यांतल्या मुलींना निवडून, पेशंटच्या बाजूला उभं करून घडवलं. आधी रुग्णसेवा, तिच्या पोटात शाळा. आपली क्लिनिकं छोटी आहेत, पण पद्धत तीच ठेवता येते.

आणि विद्यार्थी फक्त कॉलेजातूनच येतो असं समजू नका. शाळेत तपासणीला जाते तेव्हा मी नववीच्या मुलींना मदतीला घेते. सहा मीटर दोरीने मोजायचे, एक डोळा झाकायचा, लहानग्याने ओळ चुकवली की खूण करायची. लहान मूल बोटांच्या फटीतून चोरून बघतं हे त्या मुलींना माझ्याआधी कळतं! तपासणी संपल्यावर त्यातली एखादी हमखास विचारते, "मॅडम, याला बारावीनंतर काय घ्यायचं?" सायन्स घे, मग बी. ऑप्टोम, असं सांगते आणि सुट्टीत क्लिनिकला येऊन बसायला बोलावते. त्यातली एक आज पुढच्या रांगेत बसली आहे. तिचं नाव घेतलेलं तिला आवडणार नाही, म्हणून घेत नाही.

शेवटी, कार्यक्रमाआधी एका विद्यार्थ्याने मला चिठ्ठी दिली होती, तिचं उत्तर देते. विचारलंय, क्लिनिकमध्ये शिकायला येणाऱ्या इंटर्नला मानधन मिळावं का? हो, मिळावं. तो आपल्याकडे नंबर काढतो, काचा तपासतो, म्हाताऱ्या माणसाचा हात धरून त्याला खुर्चीपर्यंत नेतो. येण्याजाण्याचं भाडं, दुपारचं जेवण आणि वर महिन्याची ठरलेली रक्कम, हे आधी कागदावर लिहून द्यावं. ज्यांना एकट्याला झेपत नाही त्यांनी दोन-तीन क्लिनिकांनी मिळून एक इंटर्न घ्यावा, वार वाटून. माझ्याकडे जूनपासून सोमवार ते बुधवार जागा आहे. उरलेल्या तीन दिवसांसाठी मागच्यांपैकी कोण हात वर करतंय?

(तीन हात वर आले.)