न मंजूर झालेला बंब

नमस्कार मंडळी. पत्रिकेत विषय छापलाय "रोमन साम्राज्याचा उदय आणि ख्रिस्ती धर्माचा वारसा", वेळ दिलीय पन्नास मिनिटं, त्यातली बारा सत्कारात गेली, नारळ मिळाला, तक्रार नाही. रोमचा उदय तुम्हाला शाळेत झालाय, लांडगीण, सीझर, क्लिओपात्रा, ते मी धरूनच चालतो. मला बोलायचंय ते आगीच्या बंबावर. हसा, हसा. सगळा वारसा त्या बंबाभोवती कसा फिरतो ते शेवटी सांगतो, वेळ उरला तर.

तर बिथिनिया नावाचा प्रांत. आजच्या तुर्कस्तानात, काळ्या समुद्राच्या काठाला. सेंट पॉलला, म्हणजे ख्रिस्ताच्या सुरुवातीच्या प्रचारकाला, तिथे जायचं होतं पण पवित्र आत्म्यानं जाऊ दिलं नाही असं बायबलमधल्या प्रेषितांच्या कृत्यांत लिहिलंय, हे लक्षात ठेवा. या प्रांताचा हिशेब इतका बिघडला की सम्राट ट्राजननं इसवी सन ११०च्या आसपास स्वतःचा माणूस पाठवला, धाकटा प्लिनी. धाकटा म्हणायचं कारण मामा थोरला प्लिनी, जो व्हेसुवियस ज्वालामुखीच्या स्फोटात गेला आणि जाण्याआधी लिहून गेला की हिंदुस्थान दरवर्षी आपले ५ कोटी सेस्टर्स खातो. सेस्टर्स म्हणजे त्यांचं नाणं. मिरी, मलमल, मोती, सगळी श्रीमंत बायकांची खरेदी, असं त्याचं दुःख. तिकडून इकडे काय आलं ते बघायचं असेल तर कोल्हापूरला टाउन हॉल म्युझियममध्ये जा, ब्रह्मपुरीच्या टेकाडात सापडलेला ब्राँझचा एवढासा पोसायडन, त्यांचा समुद्रदेव, आहे. असो, भरकटलो.

धाकटा प्लिनी मला जवळचा वाटतो कारण हा माणूस आधी रोममध्ये टायबर नदीचं पात्र आणि शहराची गटारं या खात्याचा साहेब होता. मी ३१ वर्षं पाणीपुरवठ्यात काढली, त्यामुळे गटारवाल्याबद्दल आपुलकी असते. आणि हा माणूस वर सारखी पत्रं टाकतो. प्रत्येक गोष्टीला परवानगी. तळं जोडू का, हमाम बांधू का, नाला झाकू का. ती पत्रं आणि ट्राजनची उत्तरं शिल्लक आहेत, म्हणजे १९०० वर्षांपूर्वीची आख्खी फाइल आपल्या हातात आहे, टिपण आणि त्यावर साहेबांचा शेरा.

त्यातलं एक पत्र ऐका. निकोमेडिया शहरात, म्हणजे आजचं इझमित, पाणी आणायला पुलावरचा कालवा काढला, खर्च ३३ लाख १८ हजार सेस्टर्स, काम अर्धवट सोडलं, वर पाडून टाकलं. मग दुसऱ्या कालव्यावर २ लाख घातले, तोही सोडला. प्लिनी लिहितो, मी स्वतः झऱ्यावर जाऊन आलो, पाणी स्वच्छ आहे, पण कमानी उभारूनच आणावं लागेल नाहीतर फक्त गावाच्या सखल भागाला मिळेल. अहो हे वाक्य वाचून मी पुस्तक खाली ठेवलं! कारण आमच्याकडे एका गावात, नाव घेत नाही, १९८९ साली टाकी बांधली, रंग दिला, उद्घाटन झालं, हार घातले, आणि पाणी टाकीत चढेना. का चढेना, तर लेव्हल घेताना बेंचमार्क, म्हणजे उंची मोजायची ठरलेली खूण, भलताच धरलेला. मी लेखी दिलं होतं, तीनदा दिलं, आवक-जावकला नोंद आहे. नंतर वरून पत्र आलं की खुलासा करा, कुणाचा तर माझा. ती टाकी अजून उभी आहे, वर कबुतरं आहेत, पाणी तेवढं टँकरनं येतं. तर ट्राजननं काय शेरा मारला? पाणी आणाच, पण एवढा पैसा कुणामुळे वाया गेला तेही शोधा, एकमेकांची सोय बघत कालवे सुरू करायचे आणि सोडायचे असं तर चाललं नाही ना. बघा, सम्राटाला कळतं.

शेजारच्या निकेआ गावात, म्हणजे आजचं इझनिक, थिएटर बांधत होते, १ कोटीच्या वर गेले आणि बांधकाम खचून भेगा पडल्या. प्लिनी म्हणतो रोमहून आर्किटेक्ट पाठवा. ट्राजन म्हणतो तुझ्याकडे नाहीत असं होणारच नाही, आमच्याकडेच ते ग्रीसमधून येतात. निकेआ हे नाव धरून ठेवा.

बरं, आता बंब. निकोमेडियात मोठी आग लागली. घरं गेली, रस्त्याच्या दोन्ही बाजूच्या दोन सार्वजनिक इमारती गेल्या, आणि लोक उभे राहून बघत होते. ना पंप ना बादली. प्लिनीनं प्रस्ताव पाठवला, दीडशे कारागिरांचं अग्निशमन दल काढू द्या, दीडशेच, दुसऱ्या कामाला वापरू देणार नाही, एवढ्यांवर नजर ठेवणं अवघड नाही. नामंजूर! खुद्द रोममध्ये पहिल्या सम्राटानं, ऑगस्टसनं, इसवी सन ६ मध्येच आग विझवणारी पलटण उभी केलेली, पण प्रांताला नाही. कारण काय, तर नाव काहीही द्या, माणसं एकत्र आली की थोड्याच दिवसांत त्यांची राजकीय टोळी होते. साहित्य ठेवा, घरमालकांनाच विझवू द्या.

(चिठ्ठी आली. दहा मिनिटं. बरं.)

आता ख्रिस्ती कुठे येतात बघा. ११२च्या सुमाराला त्याच प्रांतातून त्याच माणसाचं पत्र जातं की इथे ख्रिस्ती म्हणवणारे लोक सापडलेत, यांच्या खटल्यांना मी कधी हजर नव्हतो, काय करू. तीनदा विचारलं, ऐकलं नाहीत तर मारले. निनावी यादी आली, त्यातल्यांनाही पकडलं. दोन गुलाम बायका, त्यांच्यातल्या सेविका, त्यांचा छळ करून चौकशी केली, हे तो अगदी सहज लिहितो, आणि इथे माझी आपुलकी संपते. हाती काय लागलं? ठरल्या दिवशी पहाटे जमतात, ख्रिस्ताला देव मानून स्तोत्र म्हणतात, शपथ घेतात, कटाची नाही, तर चोरी करणार नाही, व्यभिचार करणार नाही, ठेव बुडवणार नाही अशी. मग पुन्हा जमून साधं जेवण. आणि प्लिनीनं टोळ्यांवर बंदीचा हुकूम काढल्यावर तेही बंद केलं म्हणतात. म्हणजे ज्या भीतीनं बंब अडला तीच भीती पहाटेच्या प्रार्थनेवर! ट्राजनचं उत्तर, शोधत फिरू नका, सिद्ध झालं तर शिक्षा, नाकारून देवांना पूजलं तर माफी, आणि निनावी अर्ज अजिबात घ्यायचे नाहीत, आपल्या काळाला शोभत नाही. हा शेवटचा शेरा मी आमच्या ऑफिसात भिंतीवर लावायला हवा होता.

माझा मुद्दा एवढाच आहे, घाईत सांगतो. ख्रिस्ती धर्म का वाढला याची कारणं लोक रस्ते सांगतात, पत्रं सांगतात, हुतात्मे सांगतात, सगळी बरोबर. पण मुळात रोमला चार माणसं आपापली जमलेली चालत नव्हती, आणि यांना जमायची सवय होती, वर्गणी काढायची, विधवांना सांभाळायचं, ठेव परत द्यायची. पॉलला जिथे जाऊ दिलं नाही त्या बिथिनियात शहरंच काय, खेडीही यांनी भरली, देवळं ओस पडत होती, असं प्लिनीच लिहितो.

पुढचं भराभर. पुढचा एक सम्राट डायोक्लेशन, त्यानं निकोमेडियाच राजधानी केली. २३ फेब्रुवारी ३०३ला तिथलं चर्च पाडायचं ठरलं, राजवाड्यातून दिसायचं ते. त्याच्या हाताखालचा सहसम्राट गॅलेरियस म्हणाला जाळू, डायोक्लेशन म्हणाला नको, आग पसरेल! मग सैनिकांनी कुऱ्हाडींनी काही तासांत जमीनदोस्त केलं. थोड्याच दिवसांत राजवाड्यालाच आग लागली, आणि खापर ख्रिश्चनांवर. रोमच्या आगीचं ६४ साली नीरोनं फोडलं होतं तसंच.

३१२ला सम्राट कॉन्स्टंटाइन रोमसाठीची लढाई जिंकला, ३१३ला ख्रिश्चनांना मोकळीक. आणि ३२५ला त्यानं बिशपांची, म्हणजे ख्रिस्ती धर्माधिकाऱ्यांची, परिषद बोलावली, कुठे, तर निकेआत, खचलेल्या थिएटरच्या गावी. अडीचशेच्या वर बिशप, सरकारी टपालाच्या गाड्याघोड्यांनी आणलेले. दीडशे बंबवाले ज्या प्रांतात चालले नाहीत त्याच प्रांतात अडीचशे बिशप सरकारी खर्चानं! ३३७ला कॉन्स्टंटाइन वारला तोही निकोमेडियाजवळच, बाप्तिस्मा घेऊन.

वारसा राहिला, दोन मिनिटं. डायोसीस, म्हणजे आज बिशपच्या हाताखालचा भाग, हा डायोक्लेशनच्या कारभारातला विभाग होता, आपल्याकडे वसईला धर्मप्रांत म्हणतात, "प्रांत" बघा कसा टिकलाय. व्हिकार, आज चर्चमधलं एक पद, हा त्या विभागाचा अधिकारी. बॅसिलिका म्हणजे कोर्टकचेरीचा हॉल, पुढच्या वेळी गोव्यात बॉम जेझूला गेलात की आठवा. ३८०ला सम्राट थिओडोसियसनं ख्रिस्ती धर्मच राज्याचा धर्म करून टाकला, आणि मग या लोकांनीही दुसऱ्यांच्या जमण्यावर बंद्या घातल्या, त्यावर वेगळं भाषण लागेल, बोलवा.

घंटा झाली. ते थिएटर पडक्या अवस्थेत इझनिकला अजून आहे, तुर्कस्तानची टूर केलीत तर बघा. प्रश्न घेऊ. मागच्या रांगेतले, तुमचा हात कधीचा वर आहे... अहो, तुम्ही तर त्या टाकीच्या कामावर होतात!