सिकलसेलचं नवं औषध आणि सातपुड्यातला रुग्ण

श्रोतेहो, नमस्कार.

सिकलसेल म्हणजे तांबड्या रक्तपेशी विळ्यासारख्या वाकवणारा आनुवंशिक आजार. गडचिरोलीतल्या किंवा सातपुड्यातल्या एखाद्या उपकेंद्रात त्याची तपासणी चालू असेल, तर ती जवळ उभं राहून बघावी. बोटातून घेतलेला रक्ताचा थेंब एका छोट्या नळीतल्या द्रावणात सोडतात. नळीच्या मागे काळ्या रेघा आखलेला कागद धरतात. काही मिनिटांनी रेघा स्पष्ट दिसल्या तर काळजीचं कारण नाही. द्रावण गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या, तर त्या रक्तात सिकल हिमोग्लोबिन आहे. मग पुढची, नेमकी तपासणी करून ठरवतात, की माणूस नुसता वाहक आहे, म्हणजे 'एएस', आईवडिलांपैकी एकाकडूनच दोष आलेला, की रुग्ण आहे, म्हणजे 'एसएस', दोघांकडूनही दोष आलेला.

जनुकांवरच्या संशोधनामुळे उद्याचं आरोग्य कसं असेल, हा आजचा विषय. मी सिकलसेल निवडला, कारण क्रिस्पर नावाच्या जनुक-संपादन तंत्रावर बेतलेला जगातला पहिला मान्यताप्राप्त उपचार याच आजारासाठी आला. आणि हा आजार आपला आहे. नंदुरबार, मेळघाट, नागपूर, चंद्रपूर, गडचिरोली इथल्या कितीतरी घरांत तो पिढ्यान्‌पिढ्या आहे, आदिवासी समाजात जास्त आणि इतर समाजांतही.

हिमोग्लोबिन बनवण्याची सूचना आपल्या जनुकात असते. त्या सूचनेत एका ठिकाणी फक्त एक घटक बदललेला असतो. तेवढ्यानं तांबड्या पेशी प्राणवायू कमी पडताच वाकून विळ्यासारख्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, आणि लवकर मरतात. मग हाडं ठणकतात, सांधे सुजतात, पोटात कळा येतात, रक्त चढवावं लागतं. थंडीत भिजलं, पाणी कमी प्यायलं, ताप आला, की दुखणं उठतं. वर्गातलं मूल महिन्यातून आठवडाभर गैरहजर राहतं आणि शिक्षक समजतात ते आळशी आहे.

1949 साली लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं, की दोष हिमोग्लोबिनच्या रेणूतच आहे. कारण इतकं नेमकं कळलेला हा पहिला आजार. तरीही त्यानंतर कित्येक दशकं रुग्णाच्या हाती फारसं काही पडलं नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

आता नव्या उपचाराकडे येऊ. गर्भात असताना बाळाचं हिमोग्लोबिन वेगळं असतं, आणि ते विळा होऊ देत नाही. जन्मानंतर काही महिन्यांत शरीर ते बनवणं जवळजवळ थांबवतं. म्हणून एसएस बाळ पहिले काही महिने ठणठणीत दिसतं. संशोधकांनी विचार केला, की बंद झालेलं हे गर्भातलं हिमोग्लोबिन पुन्हा सुरू केलं तर? ते दाबून ठेवणारं एक जनुक आहे, बीसीएल-11-ए. रुग्णाच्या मूळपेशी, म्हणजे ज्यांच्यापासून रक्तपेशी तयार होतात त्या पेशी, काढायच्या, प्रयोगशाळेत क्रिस्परनं त्या जनुकाचं रक्तपेशींमधलं नियंत्रण तोडायचं, आणि पेशी त्याच रुग्णाला परत द्यायच्या. 2019 मध्ये अमेरिकेत व्हिक्टोरिया ग्रे या सिकलसेलच्या रुग्णावर हा उपचार झाला. 2023 च्या नोव्हेंबरमध्ये ब्रिटननं आणि डिसेंबरमध्ये अमेरिकेनं त्याला परवानगी दिली. औषधाचं नाव कॅसजेव्ही.

पण बदललेल्या पेशी परत देण्याआधी रुग्णाला कडक केमोथेरपी घ्यावी लागते, कारण जुन्या मूळपेशी हटवल्याशिवाय नव्यांना जागा होत नाही. कित्येक आठवडे रुग्णालयात राहावं लागतं, आणि पुढे मूल होण्याच्या क्षमतेवरही परिणाम होऊ शकतो. अमेरिकेतली किंमत 22 लाख डॉलर, म्हणजे 18 कोटी रुपयांहून जास्त.

ही किंमत खाली आणता येते, यावर माझा विश्वास आहे, आणि त्याला आधार आहे. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांनी मिळून रक्ताच्या काही कर्करोगांसाठी कार-टी पेशींचा, म्हणजे रुग्णाच्याच रोगप्रतिकारक पेशींची जनुकं बदलून त्यांना कर्करोगाशी लढवण्याचा उपचार इथेच घडवला. 2023 मध्ये त्याला परवानगी मिळाली, आणि परदेशी उपचाराच्या साधारण दहाव्या हिश्श्यात तो मिळू लागला. सिकलसेलसाठीही दिल्लीच्या आयजीआयबी या जनुक-संशोधन संस्थेनं बिरसा मुंडांच्या नावानं 'बिरसा 101' हा देशी क्रिस्पर उपचार तयार केला आहे, आणि त्याचं तंत्रज्ञान पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटकडे सोपवलं आहे. रुग्णांवरच्या चाचण्या नीट पार पडणं हा यातला खरा टप्पा आहे, त्यात घाई नको.

मात्र एक गोष्ट मला अगदी आग्रहानं सांगायची आहे. गर्भातलं हिमोग्लोबिन वाढवायचं काम एक साधी कॅप्सूलही बऱ्याच प्रमाणात करते. हायड्रॉक्सियुरिया. देशाच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत ती आहे. रोज घ्यावी लागते, मधूनमधून रक्त तपासावं लागतं, आणि ती घेणाऱ्या बहुतेकांचं दुखणं उठण्याचं प्रमाण कमी होतं. पण दुखणं थांबलं की गोळी बंद करायची, केंद्रात साठा संपला की महिनाभर खाडा पडायचा, हे सर्रास घडतं. ज्या गावात कॅप्सूल नियमित पोचत नाही, तिथे मूळपेशींचं संपादन कोण पोचवणार? पुण्याचे डॉ. सुदाम काटे यांनी आदिवासी भागात फिरून या आजारावर काम केलं, 2019 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. ती पायपीट नव्या तंत्राचाच पाया आहे. रुग्ण सापडलेला असेल, त्याची नोंद असेल, तरच उद्याचा उपचार त्याच्यापर्यंत जाईल. जुलै 2023 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल अभियानानं 7 कोटी लोकांच्या तपासणीचं उद्दिष्ट ठेवलं, ते याचसाठी महत्त्वाचं.

तपासणीला लोक घाबरतात, विशेषतः मुलींचे आईवडील. "तपासणीच्या कार्डावर एएस आलं तर लग्न कसं जमेल?" म्हणतात. अहो, वाहक हा आजारी नसतो. दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळ रुग्ण असण्याची शक्यता 25 टक्के, एवढंच. म्हणून लग्नाआधी मुलगा आणि मुलगी दोघांचीही तपासणी करा, आणि एकट्या मुलीच्या माथी दोष मारू नका. दोघं वाहक असूनही लग्न करायचं असेल, तर गरोदरपणात लवकर डॉक्टरांकडे जा, गर्भाची तपासणी करता येते.

घरात एसएस मूल असेल तर लसी चुकवू नका, पाणी भरपूर द्या, आणि ताप आला तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठा. हायड्रॉक्सियुरिया स्वतःहून बंद करू नका. दिवस राहिले असतील किंवा मूल हवं असेल, तर मात्र आधी डॉक्टरांशी बोला.

आणि जनुकांचा उपचार करून देतो असं सांगत कुणी पैसे मागायला आलं, तर ही नोंदणीकृत चाचणी आहे का, हे जिल्हा रुग्णालयात विचारा. चाचणीतल्या औषधाचे पैसे रुग्णाकडून घ्यायचे नसतात.

नमस्कार.